दुसरे हातमोजे

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरीचा पांजरपोळ मागे टाकून, मोशी ओलांडून इंद्रायणीच्या पुलावरून चाकणच्या बाजूस निघाले, की कारखान्यांच्या भिंती, मालमोटारींच्या रांगा आणि कामगारांच्या खोल्या यांवाचून दुसरे काही दृष्टीस पडत नाही. आणि तरीही कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, सावरदरी या ज्या गावांच्या जमिनीवर ही औद्योगिक वसाहत उभी राहिली, त्या गावांतील घरांमागे दोन-चार संकरित गाई, एखादी म्हैस, आणि ज्या घराला शर्यतीचा वारसा आहे तेथे खिलार बैलांची जोडी आजही दावणीला उभी आहे. चाकणच्या बाजारात शनिवारी जनावरांची खरेदी-विक्री आजही होते. नदीच्या अलीकडे, पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत, उंच इमारतींच्या सदनिकांतून विलायती जातीची कुत्री पोटच्या लेकरांसारखी वाढविली जातात आणि त्याच इमारतींच्या फाटकाबाहेर ज्यांचा कोणी धनी नाही अशी कुत्री उकिरड्यावर जगतात. एवढ्याशा प्रदेशात पशूच्या जिवाचे इतके निरनिराळे मोल ठरलेले आहे: शर्यतीच्या बैलाचे लाखांत, गाईचे तिच्या लिटरांवर, पाळीव कुत्र्याचे मालकाच्या मायेवर, आणि भटक्या कुत्र्याचे शून्य. माझे म्हणणे इतकेच आहे, की या सर्वांच्या अंगावर शस्त्र चालविणाऱ्या पशुवैद्याच्या हाताला हे मोल ठाऊक असता कामा नये, आणि ते ठाऊक असू नये अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नसून आपणा सर्वांची आहे.

पशुशल्यचिकित्सेची नीती मानवी शल्यचिकित्सेहून अधिक अवघड आहे, याची पुरेशी जाणीव आपल्या समाजाला नाही. माणसाच्या शस्त्रक्रियेत रुग्ण स्वतः संमती देतो, आणि तो देऊ शकत नसला तर त्याचे आप्त देतात. चूक झाली तर त्याला तक्रार करता येते, ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, निदान शेजाऱ्याला आपली कैफियत सांगता येते. पशूच्या बाबतीत संमती देणारा एक, मेहनताना देणारा तोच, आणि वेदना भोगणारा मात्र निराळा असतो. जो भोगतो त्याला जबानी देता येत नाही, आणि जो जबानी देऊ शकतो त्याचे हित रुग्णाच्या हिताशी जुळेलच असे नाही. आपल्याकडे या शास्त्राचा आधुनिक आरंभही किमतीच्या हिशेबाने झाला. 1862 साली पुण्यात लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली ती फौजेच्या घोड्यांसाठी. मुंबईस परळ येथे 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले ते मात्र बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाच्या पशुरुग्णालयाच्या आश्रयाने, आणि त्या रुग्णालयामागे जीवदयेची प्रेरणा होती. उपयुक्तता आणि करुणा हे दोन्ही वारसे घेऊन आजचा पशुवैद्य गोठ्यात पाऊल टाकतो, आणि त्यांपैकी कोणता कोठे वरचढ ठरतो, हे बहुधा कोणी पाहत नसलेल्या क्षणी ठरते.

असा एक क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. औद्योगिक पट्ट्यातील गाईंना होणारा एक विकार अन्यत्रही होतो, पण येथे त्याला खाद्य अधिक मिळते. यंत्राच्या सुट्या भागांभोवती गुंडाळलेले प्लॅस्टिक, पेट्या आवळण्याच्या पट्ट्या, बांधकामावरची बंधनतार, भंगाराच्या गाड्यांतून सांडलेले खिळे हे सारे रस्त्याकडेच्या गवतात मिसळते, आणि गाय ओठांनी निवडून खाणारा प्राणी नसल्यामुळे ते तिच्या पोटात जाते. प्लॅस्टिक कोठीपोटात साचून त्याचा पिळा पडतो. जड असलेली तार वा खिळा पुढच्या जाळीपोटात जाऊन बसतो. रवंथ मंदावते, डावी भकाळी वारंवार फुगते, दूध आटते, आणि मालक प्रथम घरगुती काढे, मग ओळखीच्या माणसाकडून इंजेक्शने, असे करीत अखेर पशुवैद्याला बोलावतो, तेव्हा पोट उघडण्यावाचून इलाज उरलेला नसतो.

ही शस्त्रक्रिया गाय उभी असतानाच करतात. डाव्या भकाळीवरचे केस काढून, त्वचा जंतुनाशकाने वारंवार पुसून, कण्याच्या बाजूने निघणाऱ्या मज्जातंतूंपाशी लिग्नोकेन टोचून ती बाजू बधिर करावयाची, बधिर झाली की नाही याची सुईने टोचून खातरजमा करावयाची, आणि मगच त्वचेवर चाकू ठेवावयाचा. त्वचेखालचे स्नायूंचे तीन थर आणि उदरावरण उघडल्यावर कोठीपोट बाहेर ओढून जखमेच्या कडांना टाके घालून असे जखडावे लागते, की त्यातील आंबलेला चारा उदराच्या पोकळीत ठिबकू नये. कारण तो एक ओंजळभर जरी आत गेला तरी गाय पुढल्या काही दिवसांत उदरावरणाच्या दाहाने मरू शकते. मग कोठीपोटाला छेद देऊन शल्यवैद्य खांद्यापर्यंत हात आत घालतो, आणि दोरखंडासारखे वळलेले प्लॅस्टिक बाहेर काढू लागतो. घमेली भरतात. भोवती जमलेली माणसे आश्चर्याने ते पाहतात, कोणी छायाचित्रे काढतो, आणि सर्वांच्या मते शस्त्रक्रिया येथेच यशस्वी झालेली असते.

वास्तविक तिचा निर्णायक भाग यापुढे येतो. कोठीपोट शिवून झाल्यावर शल्यवैद्याने तेथे थांबले पाहिजे. पोटाचा पृष्ठभाग धुतला पाहिजे. चाऱ्याने माखलेले हातमोजे काढून टाकून, वापरलेली हत्यारे बाजूला सारून, हात पुन्हा धुऊन दुसरे निर्जंतुक हातमोजे चढविले पाहिजेत आणि निराळ्या हत्यारांनी स्नायू व त्वचा शिवली पाहिजे. या कामाला दहा-पंधरा मिनिटे आणि थोडासा अधिक खर्च लागतो. अंधार पडत आलेला असतो, गाय अस्वस्थ झालेली असते, पुढच्या गावाहून दूरध्वनी येत असतो, आणि मालकाला हातमोज्यांच्या या दोन जोड्यांतील भेद कळत नसतो. त्याला दिसते ती फक्त बाहेरची शिवण. जखम आठव्या दिवशी चिघळली तर दोष माश्यांचा, गोठ्यातील शेणाचा किंवा नशिबाचा ठरविता येतो. कोणताही निरीक्षक तेथे हजर नसतो, कोणतेही दप्तर त्या हातमोज्यांची नोंद ठेवीत नाही. पशुशल्यचिकित्सेतील नीतीवर मोठमोठे ग्रंथ लिहिता येतील. तिचे सारे सार मला त्या दुसऱ्या हातमोज्यांत सामावलेले वाटते. जे वैद्य ते चढवितात, आणि असे वैद्य या भागात आहेत, त्यांचा सत्कार कोणी करीत नाही, कारण त्यांनी काय केले हे कोणालाच समजलेले नसते.

कधी कधी नीतीची मागणी शस्त्र न उचलण्याची असते. जाळीपोट हे श्वासपटलाला लागून आणि श्वासपटलापलीकडे हृदय, अशी गाईची शरीररचना असल्यामुळे, आत अडकलेली तार पोटाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर पुढे सरकून हृदयाच्या आवरणात शिरू शकते. अशी गाय पुढचे पाय कोपरांतून बाहेर फाकून उभी राहते, उतरणीवर चालण्यास नाखूष असते, आणि पुढे तिच्या गळ्याखालच्या पोळीला सूज चढते. या अवस्थेत पोट उघडण्याचा लाभ बहुधा होत नाही. मालक हात जोडून सांगतो, "डॉक्टर, काय लागेल ते घ्या, पण एकदा बघा करून." येथे पैसे मिळणे शक्य असते, प्रयत्न केल्याचे श्रेयही शक्य असते, ते दोन्ही नाकारून "आता तिला त्रास देण्यात अर्थ नाही" हे स्पष्ट सांगणारा वैद्य आपल्या व्यवसायाचे ऋण फेडतो. आणि मग दयामरणाचा प्रश्न उभा राहतो, ज्याविषयी आपल्या राज्यात वैद्य आणि मालक दोघेही भयाने मौन पाळतात. गोवंशहत्याबंदीचा कायदा 2015 सालापासून बैल व वळूंनाही लागू झाला, आणि त्या कायद्याच्या धाकाने असाध्य यातनेतल्या जनावरालाही कोणी हात लावू धजत नाही. वस्तुतः प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाच्या 13 व्या कलमात यातनाग्रस्त प्राण्याच्या सुटकेची तरतूद आहे, आणि तीत दंडाधिकारी, पोलीस व पशुवैद्य यांची कामे नेमून दिली आहेत. मोडलेल्या मांडीच्या हाडासह आठवडाभर रस्त्याकडेला पडून राहणारा बैल हा धर्माचा विजय आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. पशुसंवर्धन खात्याने औंधच्या आयुक्तालयातून या विषयावर एक निःसंदिग्ध परिपत्रक काढून, कोणत्या स्थितीत, कोणाच्या सहीने आणि कोणत्या औषधाने हे करावे हे लिहून दिले, तर वैद्याच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर होईल.

वेदनाशमनाचा मुद्दा याच्याशी निगडित आहे. जनावराला दुखते, पण ते भक्ष्य होणाऱ्या जातीचे असल्यामुळे वेदना लपविते. त्याच्या स्वस्थ उभे राहण्याचा अर्थ "त्याला काही वाटत नाही" असा लावणे हे अज्ञान आहे. खच्चीकरण करताना बैलाला पाडून, दोरांनी बांधून, चिमटा लावून मोकळे होण्याचा शिरस्ता अनेक गावांत चालतो. बधिरतेचे इंजेक्शन द्या म्हणावे तर "कशाला, दोन मिनिटांचे काम" असे उत्तर मिळते. त्यातही औषध कोणते द्यावे हा नीतीचाच प्रश्न आहे. डायक्लोफिनॅक टोचलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे सिद्ध झाल्यावर 2006 साली पशूंसाठी त्यावर बंदी आली. 2023 साली असिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध सहज मिळत असताना माणसांच्या दुकानातून स्वस्तातले डायक्लोफिनॅक आणून गाईला टोचणारा, समोरच्या रुग्णाशिवाय न दिसणाऱ्या जिवांचाही अपराधी होतो. प्रतिजैविकांचेही तेच. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि या देशाला आपले पेनिसिलिन मिळाले. ज्या भूमीत ते औषध तयार झाले, त्याच भूमीतील गोठ्यांत ते शस्त्रक्रियेच्या अस्वच्छतेवर पांघरूण म्हणून वापरले जावे आणि टाके घातलेल्या गाईचे दूध ठरावीक दिवस बाजूला न काढता डेअरीच्या कॅनमध्ये ओतले जावे, ही खेदाची गोष्ट आहे. वैद्याने मालकाला "इतके दिवस दूध घालू नका" असे तोंडी न सांगता लिहून दिले पाहिजे, आणि त्या दुधाचा तोटा सोसण्याची काही व्यवस्था दूध संघांनी केली पाहिजे. एकट्या गरीब शेतकऱ्याच्या सचोटीवर हे ओझे टाकणे अन्यायाचे होईल.

शर्यतीच्या बैलांकडे वळले, की चाकूपेक्षा सहीचा प्रश्न मोठा होतो. खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळ या तालुक्यांत बैलगाडा हा जत्रेचा प्राण आहे; शर्यतीच्या घाटात गाडा सुटतो तेव्हा गाव श्वास रोखून उभे असते, हा आनंद मी परक्या नजरेने पाहत नाही. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली, 2017 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने सशर्त अनुमती दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. या प्रदीर्घ मामल्याचा जो निकाल लागला त्याचा पाया अटींवर आहे, आणि त्या अटींत बैल तंदुरुस्त असल्याचा नोंदणीकृत पशुवैद्याचा दाखला ही एक मुख्य अट आहे. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने जो भरवसा ठेवला, तो अखेर एका कागदावरच्या एका सहीवर येऊन टेकला आहे.

ती सही कोणत्या परिस्थितीत होते याचा विचार करावा. यात्रेच्या सकाळी घाटाच्या पायथ्याशी ओळीने बैल उभे आहेत, ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जात आहेत, गाडामालक गावचा प्रतिष्ठित पुढारी आहे, आणि वैद्याला उद्या त्याच गावात कृत्रिम रेतनाला व लसीकरणाला जावयाचे आहे. सांध्यालगत बधिरतेचे औषध टोचून किंवा तीव्र वेदनाशामक देऊन बैलाचा लंगडेपणा काही तास झाकता येतो. तो ओळखण्यास बैल चालवून, वळवून, खूर उचलून पाहावा लागतो, आणि त्याला वेळ हवा. शिंगाच्या कर्करोगाची गोष्टही अशीच. आरंभी बैल डोके झटकतो, एका नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो, शिंग किंचित कलते. त्याच वेळी शिंग मुळातून काढले तर बैल वाचण्याची आशा असते, पण खिलार बैलाची शोभाच त्याची शिंगे, म्हणून मालक महिने दवडतो. अशा मालकाला दाखला नाकारणारा वैद्य त्याचा शत्रू नसून त्याच्या बैलाचा आणि त्या खेळाचाही हितकर्ता आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या 1992 च्या आचारसंहितेप्रमाणे खोटा दाखला देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते आणि त्यापायी नोंदणी गमवावी लागू शकते. पण भीतीवर विसंबण्यापेक्षा व्यवस्था बदलावी. तपासणीचा वैद्य यात्रा समितीने निवडू नये, त्याच तालुक्यातला नसावा, जिल्हा कचेरीने चिठ्ठी टाकून दुसऱ्या तालुक्यातून पाठवावा. आणि नाकारलेल्या दाखल्यांची नोंद प्रसिद्ध व्हावी. जेथे एकही दाखला कधी नाकारला जात नाही, तेथे तपासणी होत आहे असे मानण्यास आधार नाही.

पाळीव कुत्र्यांच्या संबंधी थोडेच लिहितो, कारण तेथे मालक जागरूक आणि दवाखाने सुसज्ज आहेत. तरीही रुबाबासाठी डॉबरमनचे कान कापून मागणारे, शेजाऱ्यांची तक्रार टाळण्यासाठी कुत्र्याचा आवाज बंद करता येईल का असे विचारणारे लोक आहेत. ज्या शस्त्रक्रियेचा लाभ प्राण्याला काडीमात्र नाही ती करणे म्हणजे अंगच्छेद करणे, आणि पैसे घेऊन केल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही.

आता ज्याचे मोल शून्य त्या रुग्णाकडे येतो. भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यात आणण्याचा कायदेशीर मार्ग म्हणजे 2023 च्या नियमांनुसार त्यांना पकडून, नसबंदी व रेबीजची लस करून, जेथून उचलले तेथेच सोडणे हा होय. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्री कायमची निवाऱ्यात नेण्याचा हुकूम दिला आणि 22 ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक वगळता इतर कुत्री शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सोडण्यास सांगितले. या वादात दोन्ही पक्षांनी पुष्कळ शब्द खर्च केले. शस्त्रक्रियेच्या मेजावर काय घडते याविषयी फारसे कोणी बोलले नाही. चाव्यांनी हैराण झालेल्या नागरिकांचा, विशेषतः पहाटेच्या पाळीला पायी निघणाऱ्या कामगारांचा त्रागा मला पूर्णपणे समजतो. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, हे सत्य कोणत्याही भूतदयेहून लहान नाही. पण नसबंदी नीट झाली तरच तिचा उपयोग, आणि घाईने झाली तर ती निष्फळही आणि क्रूरही.

कुत्रीच्या नसबंदीत दोन्ही अंडाशय शोधून, त्यांच्या रक्तवाहिन्या घट्ट बांधून, मग छेद घ्यावयाचा असतो. गाठ सैल राहिली तर रात्रीतून पोटात रक्तस्राव होतो आणि सकाळी पिंजऱ्यात मेलेली कुत्री सापडते. टाके कच्चे राहिले तर सोडल्यावर रस्त्यात आतडी बाहेर येतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस निवारा, अन्न, वेदनाशामक आणि रोजची पाहणी आवश्यक असते. नगरपालिका-महानगरपालिकांच्या निविदा मात्र बहुधा दर कुत्र्यामागे ठरावीक रक्कम अशा हिशेबाने निघतात आणि कमीत कमी बोली मान्य होते. हिशेब तपासण्यासाठी काढलेले अवयव मोजण्याची पद्धत आहे. ती बनावट बिले रोखण्यास योग्यच आहे. पण त्या बरणीतून चाकू किती वेळा चालला एवढेच कळते, जखम भरली की नाही ते कळत नाही. ज्या करारात जलद काम करणाऱ्याला अधिक पैसे आणि काळजी घेणाऱ्याला तोटा होतो, त्या करारात दुसरे हातमोजे कोण चढवील? दोष तेथे राबणाऱ्या तरुण पशुवैद्याचा मानणे सोपे आहे. मला तो करार लिहिणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या हातांचा अधिक वाटतो.

हीच बाब ग्रामीण दवाखान्यांची. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाच्या 30 व्या कलमानुसार नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज कोणाला हा व्यवसाय करता येत नाही. पदविकाधारकांना फक्त किरकोळ सेवा, त्याही पशुवैद्याच्या देखरेखीखाली, करण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. पण प्रत्यक्षात अनेक ग्रामीण दवाखाने अशा पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांच्या खांद्यावर चालतात. रात्री दोन वाजता म्हशीचे अंग बाहेर आले, तर जो माणूस मोटारसायकलवर येतो तो बहुधा पर्यवेक्षकच असतो, आणि त्याच्यावर बेकायदा काम केल्याचा ठपका ठेवण्याआधी त्या रात्री पदवीधर वैद्य किती अंतरावर होता हे विचारले पाहिजे. 1962 या क्रमांकावरचे फिरते पथक ही चांगली सोय आहे. पण पथकाच्या गाडीत शस्त्रक्रियेसाठी पुरेसा वेळ, प्रकाश आणि मदतनीस नसतील, तर नीतीचे पाठ देऊन उपयोग नाही.

या लेखाच्या निमित्ताने पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेकडे एक दरखास्त करावीशी वाटते. नसबंदीच्या पुढील निविदेत शस्त्रक्रियेची संख्या हाच एकमेव निकष न ठेवता, मोबदल्याचा काही भाग कुत्रे बरे होऊन जागेवर सुखरूप सोडल्यानंतरच द्यावा. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचा आकडा दरमहा प्रसिद्ध करावा. एका शल्यवैद्याने दिवसाला किती शस्त्रक्रिया कराव्यात याची कमाल मर्यादा घालावी. आणि प्रत्येक शस्त्रक्रियेमागे निर्जंतुक हत्यारांचा स्वतंत्र संच व वेदनाशामक यांचा खर्च दरात वेगळा दाखवावा, म्हणजे कमी बोलीच्या स्पर्धेत तो कोणाला कापता येणार नाही. निविदेचा खर्च नागरिकांच्या करातून भागविला जातो. तेव्हा हरकती मागविण्याची मुदत असेल त्या वेळी वाचकांनी निविदा वाचावी, आणि ही चार कलमे त्यात नसतील तर लेखी विचारणा करावी.